खेळातले अकरा गुंठे

दहिवलीला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होते, ते घरमालक 'डावं' आणि 'उजवं' हे शब्द वापरत नसत. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, दिशा बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या घरात चटणी ताटाच्या ईशान्येला वाढली जाई. पंगतीत कोणी पूर्वेकडे तोंड करून बसे, कोणी दक्षिणेकडे. साहजिकच प्रत्येकाच्या ताटात चटणी वेगळ्या जागी येई. पाहुण्यांना वाटे, या घरात वाढण्याची काही शिस्त नाही. खरं तर तो शिस्तीचाच परिणाम होता.

मला खोली दाखवली तेव्हा पाणी किती वाजता येतं, ऊन कुठून येतं, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. दारात उभं राहून त्यांनी खोलीच्या चतुःसीमा सांगितल्या. पूर्वेस जिना, पश्चिमेस शेजाऱ्यांचा फणस, उत्तरेस टाकी, दक्षिणेस रस्ता. मग म्हणाले, "फणसाची एक फांदी आपल्या हद्दीत येते. तिचे फणस आपले नाहीत, सावली आपली."

घरमालकांना मी काका म्हणे. ते सरकारी मोजणीदार होते. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतले बांध आणि त्या बांधांवरून झालेली भांडणं त्यांना सारखीच पाठ होती. नोकरीभर त्यांनी केलेली एकही मोजणी फेरमोजणीत बदलली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. काकू सांगत, आणि त्या सांगत असताना काका पेपर वाचत असल्याचं दाखवत. पान मात्र उलटत नसत.

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात म्हटलं, की यांनी या तालुक्याची इंच न् इंच जमीन मोजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्कारमूर्ती उभे राहिले आणि म्हणाले, "तीन गावं राहिली, साहेब." मग त्यांनी त्या गावांची नावं सांगितली आणि खाली बसले. पुढचं भाषण काही रंगलं नाही.

एका लग्नात त्यांनी मांडवात शिरताच पावलं टाकायला सुरुवात केली आणि वधूपित्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मांडव दीड फूट शेजाऱ्याच्या जागेत गेला आहे. शेजारी आहेर घेऊन तिथेच उभे होते. तोवर त्यांना हे माहीत नव्हतं. अक्षता पडेपर्यंत ते जमिनीकडेच बघत होते.

तर असा माणूस व्हिडिओ गेमच्या नादाला कसा लागला, हे सांगायला हवं.

मी तेव्हा कर्जतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेजातली मुलं पुस्तकं नेत नसत, त्यामुळे मला वाचायला भरपूर वेळ मिळे आणि घरी आल्यावर वाचायचा कंटाळा येई. म्हणून मी टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं होतं. एका दुपारी दारावर थाप पडली. काका उभे होते.

"मॅडम, नळ चालू राहिलाय. खाली आवाज येतो."

नळ बंद होता. आवाज खेळातल्या नदीचा होता. मी टीव्ही दाखवला. ते हात पाठीमागे बांधून पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता पिढी बिघडल्याबद्दल काही ऐकावं लागणार.

"ही नदी कोणत्या दिशेला वाहते?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. तीन महिने मी तो खेळ खेळत होते. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे त्याआधी फक्त माझ्या भूगोलाच्या बाईंनी बघितलं होतं.

खेळ असा होता. डोंगरांनी वेढलेलं एक खोरं, त्यात नदी, नदीवर एक नावाडी. त्याची धाकटी बहीण नाहीशी झालेली आहे आणि तो तिला शोधतो. मारामारी जवळजवळ नाही. वाड्या, देवळं, ओसाड मळे यांतून हिंडायचं, लोकांशी बोलायचं, माग काढायचा. शेवटी नावाडी नदीकाठच्या एका जुन्या गिरणीच्या उंच भिंतीपाशी पोहोचतो, आतून कोणीतरी गुणगुणल्याचा आवाज येतो आणि खेळ संपतो. पुढचं दुसऱ्या भागात. तो दुसरा भाग येणार म्हणून जगभरातली माणसं सहा वर्षं वाट बघत होती.

महिन्याभरात यंत्र माझ्या खोलीतून खाली त्यांच्या हॉलमध्ये गेलं. काकांनी खोरं मोजायला घेतलं होतं. खेळातल्या होकायंत्रावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. खेळातली दुपार होईपर्यंत नावाड्याला काठीशेजारी उभा केला आणि काठीची सावली बघून उत्तर ठरवली. नावाडी नेहमी एकाच वेगाने चालतो, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मग मनगटावरच्या घड्याळाचे सेकंद म्हणजे अंतर. मी यंत्राची बटणं दाबून नावाड्याला बांधाबांधाने चालवायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं.

"दमत नाही, विडी मागत नाही, साखळी ढिली सोडत नाही," नावाड्याकडे बघत ते म्हणाले. "असा माणूस मला नोकरीत मिळाला नाही."

काकू खालापूरकडच्या, पाताळगंगेच्या काठच्या गावातल्या. मोजणीत त्यांना रस नव्हता. त्या तो खेळ मालिकेसारखा बघत. मी कॉलेजातून आले की पायरीवरच विचारत, "भेटली का गं ती बहीण?"

"नाही काकू. ती दुसऱ्या भागात."

"तवर काय खात असंल गं ती आत?"

सगळ्या खोऱ्याचा नकाशा तयार झाला. हॉलच्या उत्तर भिंतीवर तो टाचला गेला. पण काकांनी त्यावर सही केली नाही. मोजणी जुळत नव्हती. गिरणीची जागा बाहेरून मोजली, तर आतल्या सगळ्या खोल्या आणि ओटे यांच्या बेरजेपेक्षा अकरा गुंठ्यांनी जास्त भरत होती. त्यांनी ती सात वेळा मोजली. अकरा गुंठे कुठेच बसत नव्हते; नकाशात त्यांनी तेवढी जागा तुटक रेघेने दाखवली.

"एक तर माझं चुकलंय," ते म्हणाले, "नाहीतर त्या भिंतीमागे जागा आहे."

"खेळ आहे हो काका," मी म्हटलं. "भिंतीमागे काही नसतं. भिंत म्हणजे नुसतं चित्र."

"चित्राला जाडी कशाला दिली मग?"

दुसरा भाग येईल, गिरणी उघडेल आणि फेरमोजणी आपोआप होईल, असं त्यांनी ठरवलं. तोवर नकाशा बिनसहीचा. दोन वर्षं तो तसाच भिंतीवर होता, आणि घरी येणाऱ्या माणसाची नजर तिकडे गेली की काका विषय बदलत.

मग कंपनीने जाहीर केलं, की दुसरा भाग रद्द.

त्यानंतर इंटरनेटवर जे झालं, त्याला शोक म्हणावं की शिमगा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. लोकांनी आपले फोटो हटवून तिथे काळे चौकोन लावले. कंपनीच्या साध्या कारकुनांना शिव्या गेल्या. एका गृहस्थाने आपलं यंत्र हातोडीने फोडल्याचा व्हिडिओ टाकला. आठवड्याने तोच गृहस्थ त्याच यंत्रावर दुसरं काही खेळताना दिसला. नावाडी आपला बाप होता, असं लिहिणारी माणसं निघाली. खऱ्या बापाचं त्यांनी कुठे काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडेही दुःख पोहोचलं. कर्जत आणि खालापूर मिळून खेळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष पळसदरीचे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तंबू भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. मंडळाने एका मंगल कार्यालयात जाहीर निषेध सभा बोलावली. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर नावाड्याचं चित्र होतं, पण कार्यकर्त्यांचे फोटो इतके झाले होते, की नावाडी खाली कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या रांगेत गेला होता. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी, तरुणांच्या भावना दुखावणाऱ्या कंपनीला हा तालुका माफ करणार नाही, असं ठणकावलं. आठ दिवसांत माफी मागावी, असा ठराव झाला. तो कुठे पाठवायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

काका माझ्याबरोबर आले होते. काखेत नकाशाची गुंडाळी. ठराव झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"बोला की काका," अध्यक्ष माइकवरून म्हणाले. "तुमी पन खेळता?"

"मी मोजतो."

"काय मोजता?"

काकांनी नकाशा उलगडून दोन्ही हातांनी धरला. "गिरणीच्या मागे अकरा गुंठे जागा आहे. दुसरा भाग निघो, न निघो, जागा जागेवर आहे. घोषणा देऊन काय होणार? आधी हद्द कायम करा."

मागून आवाज आला, "काका, सातबारा काढा मग."

"एनए करून बंगलो टाकू," दुसरा म्हणाला.

"पार्टी हाय माझ्याकडं," अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले. "मुंबईची हाय. रिव्हर-टच म्हटल्यावर बघायला पन यायची नाय, डायरेक टोकन देईल."

सगळं कार्यालय हसलं. निषेधाला आलेली माणसं इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती. काकांनी नकाशा गुंडाळला. घाईने गुंडाळल्यामुळे त्याचा एक कोपरा मुडपला, आणि तो सरळ न करताच ते निघाले.

घरी येऊन मी तो नकाशा चाहत्यांच्या जागतिक मंचावर टाकला. काकांच्या बाजूने कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. तिथे काय होईल, याचा मी विचार करायला हवा होता. त्या खेळातला सर्वांत निष्णात मानला जाणारा एक खेळाडू होता. त्याने एका ओळीत लिहिलं, की भिंतीमागे काही नाही, जग तिथेच संपतं. त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली.

मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जग संपतं तिथे या खेळात हद्दीचा दगड असतो. सगळ्या खोऱ्यात आहे. गिरणीमागे नाही." पण आवाजात जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मॅडम, ती उजवीकडची खिडकी लावून घ्या." तेव्हा मला खरी काळजी वाटली. उत्तर भिंतीवर नकाशाच्या जागी चार खिळे राहिले होते.

"नोकरीत एकदा पन त्यांचं कोणी खोटं काढलं नाय," काकू मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या. "आता या वयात लोक हसले. तू काय तरी कर गं."

मला काय करता येणार होतं? पुढच्या रविवारी सकाळी मी यंत्र चालू केलं आणि काकांना हाक मारली. ते आले, बसले. मी नावाड्याला आठव्यांदा गिरणीच्या भिंतीकडेने चालवायला लागले. भिंतीखालच्या काठापाशी तीन दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. काकांच्या टिपणात त्यांची नोंद होती: 'घाट, पायऱ्या तीन, उपयोग कळत नाही.'

काकू खाली बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अहो, तो नावाडी हाय ना?"

"हो," काका म्हणाले.

"मग त्याला दोन वर्सं बांधावरून काय चालवताय? होडीत घाला की."

काकांनी टिपणाच्या वहीकडे बघितलं. मग म्हणाले, "नदीचं पात्र मोजत नाहीत."

"कोण नाय मोजत?"

"आमच्याकडे पद्धत आहे. नदी लागली की मोजणी काठावर थांबते. पात्राला सर्व्हे नंबर नसतो."

"मग ऱ्हावा काठावर. आमच्या गावाला लोक नदीकडनंच येत होते. रस्ता मागनं झाला." आणि त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या.

काका उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी ते आले, तेव्हा त्यांनी घरातला सदरा बदलून इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन होतं. "चला," ते म्हणाले. "प्रत्येक जमिनीला वाट असते, मॅडम. ज्याने भिंत बांधली, त्याने आत उभं राहूनच बांधून घेतली असणार. मी वाट शोधली ती सगळी कोरड्या बाजूने."

मी नावाड्याला होडीत बसवलं आणि प्रवाहाविरुद्ध भिंतीकडेने वल्हवायला लागले. हे सगळ्यांनीच कधी ना कधी करून पाहिलेलं होतं. गिरणीजवळ पाण्याला इतकी ओढ आहे, की होडी जागेवरच थांबते. इथे खेळणारा समजतो, की पुढे जायची परवानगी नाही, आणि परत फिरतो.

"थांबली बघा," मी म्हटलं.

"होडीकडे बघू नका. भिंतीचे दगड बघा."

मी बघितलं. काही हलत नव्हतं.

"तो शेवाळलेला दगड वल्ह्याच्या टोकाला होता. आता टोकाच्या पूर्वेला बोटभर गेलाय. होडी चालू आहे. मारत राहा."

मी मारत राहिले. एक दगड मागे सरायला मिनिट लागत होतं. माझा अंगठा दुखायला लागला, तेव्हा काकांनी यंत्राचं बटण आपल्या अंगठ्याखाली घेतलं आणि मी दगड मोजायला लागले. इतका वेळ काहीच घडत नसताना बटण दाबून धरणारा माणूस खेळणाऱ्यांत सापडणं शक्य नव्हतं. त्यासाठी वैशाखात दुपारभर एका दगडासाठी उन्हात उभं राहिलेला माणूस लागतो. काकूंची अर्धी परात सोलून झाली. एकतीस दगड झाले. मग पाण्याची ओढ एकदम सुटली आणि होडी लव्हाळ्यात शिरली.

काठावरून जी भिंत सलग दिसत होती, त्या दोन भिंती होत्या. एकीच्या मागे दुसरी, मध्ये होडीपुरती फट, आणि ती फट फक्त पाण्यातून दिसत होती.

आत अंगण होतं. पाच कोनांचं, काकांनी नकाशात तुटक रेघेने काढलं होतं तसंच. कडेने झेंडूसारखी काहीतरी फुलं. मधल्या ओट्यावर एक बाई सूत गुंडाळत बसली होती. होडी टेकल्याचा आवाज झाला, तशी तिने मान वर केली आणि ती उभी राहिली.

काकूंच्या हातातला वाल तसाच राहिला. "हीच का गं?"

"हीच."

तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तो भरायचा राहिलाच होता. दुसऱ्या भागात भरणार होते.

"काय बोलत नाय ती," काकू म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "असू दे. हाय ना. पोटाला बरी दिसते."

काका पडद्यावरच्या बाईकडे बघत नव्हते. त्यांनी नावाड्याला होडीतून उतरवला आणि अंगणाच्या कडेने चालवायला सुरुवात केली. पाच बाजू, घड्याळ, वही. भाऊ सहा वर्षांनी बहिणीला भेटला आणि पहिली गोष्ट त्याने केली, ती म्हणजे तिच्या अंगणाची मोजणी. गुणाकार करताना काकांचं पेन एकदा थांबलं. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. अकरा गुंठे.

नकाशा काढून आणला गेला. कोपरा अजून मुडपलेला होता. तो अंगठ्याने सरळ करून त्यांनी सही केली, आणि पेन काकूंपुढे धरलं.

"पंच म्हणून सही करा."

"मी कशाला? माझे हात ओले हायेत."

"वाट तुम्ही दाखवलीत. नोंद व्हायला पाहिजे."

बायकोला ते त्यापूर्वी कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. काकूंनी पदराला हात पुसले आणि सही केली. तरी वालाच्या पाण्याचा डाग पडलाच. कागदावर तो अजून आहे.

मी मंचावर नकाशा पुन्हा टाकला, सह्यांसकट, आणि खाली वाट लिहिली: पायऱ्यांपासून प्रवाहाविरुद्ध, भिंतीला लागून, एकतीस दगड, थांबायचं नाही. तासाभराने त्या निष्णात खेळाडूने लिहिलं, "मी आत आहे. म्हातारा बरोबर आहे." आणि त्यानंतर चित्रांचा लोंढा लागला. जिथली नावं मला वाचता येत नव्हती अशा देशांतल्या माणसांनी एकतीस दगड वल्हवले होते. आठवडाभर शिव्या देणारे लोक एकमेकांना दगडांचे आकडे कळवत होते. हातोडीवाला गृहस्थही आत पोहोचला. कंपनीतून निघालेल्या एका कलाकार बाईने लिहिलं, की दुसऱ्या भागाची ती पहिली जागा तिनेच बांधली होती, तिथे कोणी कधी येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि फुलं कशी दिसतात ते कोणीतरी सांगावं. तिला कित्येक जणांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन दहिवलीला आले.

"काका, मंडळातर्फे सत्कार हाय तुमचा. त्याच कार्यालयात. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा टाकतो."

"तुम्ही आत गेलात का?" काकांनी विचारलं.

"कुठं?"

"अंगणात."

अध्यक्ष घुटमळले. "बारा-तेरा दगड झाले काका. अंगठा भरून येतो हो."

"एकतीस झाले की या."

ते नारळ ठेवून गेले. पुढच्या रविवारी फोनवर आत गेल्याचं चित्र दाखवायला ते स्वतः आले, आणि या खेपेला पायरीवर चपला काढून. काकूंनी त्यांना वालाचं बिरडं वाढलं, चटणी ईशान्येला. सत्कार झाला नाही. तेवढा वेळ दोघे नकाशावर वाकून बसले होते.

मला एक धास्ती होती, ती मी काकांना बोलून दाखवली. कंपनी उद्या एक दुरुस्ती पाठवील आणि सगळ्यांच्या यंत्रांतली ती फट बुजवून टाकील. अशा कंपन्या असं करतात.

काका मंचावरची चित्रं बघत होते. प्रत्येकात तेच अंगण, आणि ओट्याशेजारी कोणाचा तरी नावाडी उभा.

"किती लोक गेले?" त्यांनी विचारलं.

"मोजता येणार नाहीत इतके."

"मग ती वहिवाट झाली, मॅडम. वहिवाट अडवता येत नाही."

कंपनीने ती अजून अडवलेली नाही.